ड्रायव्हर लागतो, मग एक मीटरचा पट का चुकतो?

नऊ_नंबरी

प्रश्न गोल्फचा आहे, पण उत्तर मेंदूवाल्यांकडून आणि स्नायूवाल्यांकडून हवंय. म्हणून क्रीडा विभागात न टाकता इथे धागा काढतोय.

ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याचा (ड्राइव्हचा) क्लब. त्याचं डोकं, म्हणजे क्लबहेड, चेंडूवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी 140 ते 160 किलोमीटर असतो. पटर, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू होलकडे लोटायचा क्लब, त्याच्यापुढे गरीब गाय. त्या लोटण्याला पट म्हणतात. तर्काने बघितलं तर हळू हालचालीत मेंदूला सवड मिळते, चूक दिसली की हात सावरता येतो. म्हणजे पट सोपा आणि ड्राइव्ह अवघड असायला हवा. पण 18-20 हँडिकॅपच्या (साधारण हौशी) लोकांचं चित्र उलटं दिसतं. ड्राइव्ह बऱ्यापैकी जातो, 40 यार्डांचा पिच (ग्रीनकडे उचलून मारलेला छोटा फटका) डफ होतो (क्लब आधी मातीत घुसतो) नाहीतर टॉप होतो (क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो), आणि एक मीटरचा पट काठाला घासून निघून जातो.

तर विचारायचं हे:
1) डाउनस्विंग (क्लब वरून चेंडूकडे येणं) चालू असताना मेंदूला काही दुरुस्त करता येतं का?
2) 'ड्राइव्हला फास्ट ट्विच, पटला स्लो ट्विच' (जलद आणि संथ स्नायूतंतू) असं सांगतात त्यात तथ्य किती?
3) स्लो मोशनमध्ये स्विंग घोटवून काही हाती लागतं का?

'फील आला पाहिजे' छापाची उत्तरं बरीच ऐकून झालीत. आकडे असतील तर ते द्या.

लहान_मेंदू

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, आधी ते बाहेर काढू. पट ही हळू हालचाल आहे असं तुम्ही धरून चालला आहात. क्लबहेडच्या वेगाने मोजलं तर ती हळू आहेच. पण मेंदूचा हिशोब किलोमीटरचा नाही, मिलिसेकंदांचा.

चांगल्या खेळाडूचा ड्रायव्हर घ्या: बॅकस्विंगला 750 ते 900 मिलिसेकंद, डाउनस्विंगला 230 ते 300. आता त्याच खेळाडूचा पट: पटर मागे न्यायला 600 च्या आसपास, तिथून चेंडूपर्यंत यायला 300 च्या आसपास. म्हणजे चेंडूकडे निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा वेळ दोन्हीकडे जवळपास तेवढाच. अंतर कमी कापायचं म्हणून वेग कमी, इतकंच. दुरुस्तीची सवड ड्रायव्हरला मिळत नाही आणि पटलाही फारशी मिळत नाही.

सवड किती लागते ते बघा. डोळ्याने चूक पाहून हाताची दिशा बदलायला साधारण 180 ते 250 मिलिसेकंद. हाताला काही वेगळं जाणवलं आणि त्यावर मुद्दाम काही केलं, तर 120 ते 150. मज्जारज्जूतून परस्पर परतणारा स्ट्रेच रिफ्लेक्स हातात 25 ते 50 मध्ये येतो, आणि मेंदूपर्यंत जाऊन येणारा त्याचा थोरला भाऊ 50 ते 100 मध्ये. शिवाय स्नायूत विद्युतसंदेश पोहोचला म्हणजे लगेच जोर उमटला असं नाही. त्यात आणखी 30 ते 100 जातात. 250 मिलिसेकंदांच्या डाउनस्विंगमध्ये हे बसवून बघा. रिफ्लेक्स बसतात, विचार बसत नाही.

हे नवं ज्ञान नव्हे. रॉबर्ट वुडवर्थने 1899 मध्ये लोकांना मेट्रोनोमच्या ठोक्यावर रेघा मारायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. ठोका जलद होत गेला तसा उघड्या डोळ्यांचा फायदा आटत गेला आणि शेवटी संपला. 1968 मध्ये कील आणि पोस्नर यांनी हालचाल सुरू होताच दिवे घालवून पाहिलं. 190 मिलिसेकंदांच्या हालचालीत अंधाराने फरक पडला नाही, 260 च्या हालचालीत पडला. पुढच्या प्रयोगांत ही सीमा आणखी खाली आली, पण गोल्फमध्ये त्याचा उपयोग नाही. कारण नजर चेंडूवर असते, क्लब दिसतच नाही.

इम्पॅक्टचं तर विचारूच नका. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते फार तर अर्धा मिलिसेकंद. त्याचा धक्का बोटांतून मेंदूच्या बाह्यकापर्यंत जायला 20 मिलिसेकंद. तेवढ्यात ड्राइव्हचा चेंडू सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. 'लागताना कळलं आणि मनगट वळवलं' हे शक्यच नाही. जे वळलं ते आधीच ठरलेलं होतं.

मग मेंदू करतो काय? आख्खा आदेश आधी रचून ठेवतो. कोणता स्नायू कधी चालू, किती जोर, आणि (हे लोक विसरतात) कोणता स्नायू ब्रेक म्हणून कधी लागणार. घरी करून बघा. उजवा हात टेबलावर आडवा, कोपरातून दुमडलेला. डावा तळवा उजव्या दंडाला असा धरा की अंगठा पुढे बायसेप्सवर आणि बोटं मागे ट्रायसेप्सवर येतील. आता हात झटक्यात सरळ करा आणि अर्ध्यात थांबवा. आधी मागचा स्नायू टणक होतो, लगेच पुढचा, आणि नीट लक्ष दिलंत तर शेवटी पुन्हा मागचा किंचित. पुढे ढकल, आवर, स्थिर कर. या तीन झटक्यांतला पहिला 100 मिलिसेकंदांच्या आत आटपतो. आता तोच हात पाच सेकंद लावून सरळ करा. मागचा स्नायू मंद चालू राहील, ब्रेक जवळजवळ लागणारच नाही. हालचाल दिसायला तीच, आदेश निराळा.

ब्रेक कधी लावायचा हे बघणारा मुख्य कारभारी म्हणजे अनुमस्तिष्क, अर्थात लहान मेंदू, माझा नामधारी. तिथे बिघाड झालेल्या रुग्णांत ब्रेकचा झटका उशिरा येतो आणि हात लक्ष्य ओलांडून जातो. पहिल्या ढकलण्याचा जोर किती ठेवायचा यात बेसल गँग्लियाचा (मेंदूच्या खोल भागातल्या पेशीसमूहांचा) हात असतो. पार्किन्सन्समध्ये तो पहिला झटकाच तोकडा पडतो आणि एका हालचालीचे चार तुकडे होतात.

पंधरावा_क्लब

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मैदानावर हे मोजायचं कसं ते सांगतो.

मोबाइलवर 240 फ्रेमचा स्लो मोशन लावा आणि फ्रेम मोजा. ड्रायव्हरला क्लब हलल्यापासून वर पोहोचेपर्यंत 190 च्या आसपास, वरून चेंडूपर्यंत 64 च्या आसपास. पटला 144 आणि 72. आकडे माणसागणिक थोडे हलतील, गुणोत्तर फार हलू नये: पूर्ण स्विंगला तीनास एक, पटला दोनास एक. हौशी खेळाडूचं मोजलं तर डाउनस्विंग बहुतेक वेळा ठीक निघतो. बॅकस्विंगच रेंगाळलेला असतो, 1100-1200 मिलिसेकंद. 'सावकाश ने, सावकाश ने' या सल्ल्याचं हे फळ.

ज्यांना तबल्याचं थोडं अंग आहे त्यांच्यासाठी हे फार सोपं आहे. पूर्ण स्विंग म्हणजे चार मात्रा, अर्धा केरवा. पहिल्या मात्रेला क्लब हलला, चौथ्या मात्रेला वर, आणि चेंडू पुढच्या समेवर. पट म्हणजे तीन मात्रा, अर्धा दादरा. पहिलीला हलला, तिसरीला मागे पोहोचला, चेंडू समेवर. मेट्रोनोमवर पूर्ण स्विंगसाठी मिनिटाला 225 आणि पटसाठी 200 ठोके लावा. इतके जलद ठोके कानाला टोचत असतील तर पटसाठी 100 लावा: एका टिकला निघा, दुसऱ्या टिकला मागे, तिसऱ्या टिकला फॉलो-थ्रूचा शेवट. चेंडू दुसऱ्या-तिसऱ्याच्या बरोब्बर मध्ये लागतो.

आता 40 यार्डांचा पिच, कारण खरा घोळ तिथे आहे. खेळाडू बॅकस्विंग 80 यार्डांचा घेतो. वर गेल्यावर लक्षात येतं की हे जास्त होणार. (कळायला वेळ आहे. बॅकस्विंगला पाऊण सेकंद मिळतो, तिथे दुरुस्ती बसते.) मग तो ठरवतो की खाली येताना आवरू. हे आवरणं म्हणजे वर सांगितलेला ब्रेक, फक्त तो चेंडूच्या नंतर लागायच्या ऐवजी आधी लागतो. हात थबकतात, क्लबहेड हातांना मागे टाकून पुढे येतं, कमानीचा तळ चेंडूच्या मागे सरकतो. मातीत घुसला तर डफ, मातीवरून उसळून वर आला तर टॉप. दोन उलट्या चुका दिसतात, मूळ एकच.

इलाज: डावा हात घड्याळाचा काटा समजा (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी). साडेसात, नऊ आणि साडेदहा असे तीन थांबे. मात्रा तीच, थांबा बदलायचा. सँड वेजने (वेज म्हणजे छोट्या, उंच फटक्यांचा क्लब) प्रत्येक थांब्याला 10 चेंडू मारून कुठे पडतात ते पावलांनी मोजा आणि लिहून ठेवा, मग तेच पिचिंग वेजने. दोन वेज आणि तीन थांबे म्हणजे सहा अंतरं हाताशी. मधल्या अंतरासाठी हात वर-खाली धरा. जोर कमी-जास्त करायला जाऊ नका.

टायगर वुड्स डाउनस्विंग सुरू झाल्यावर प्रेक्षकातल्या आवाजाने थांबलेला अनेकांनी पाहिलाय. मग दुरुस्ती होत नाही कसं म्हणता, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच: थांबायचा आदेश त्याच्या मेंदूतून बहुधा बॅकस्विंगच्या शेवटी सुटलेला असतो, आपल्याला तो खाली येताना दिसतो. शिवाय सगळंच थांबवणं ही एकच ढोबळ आज्ञा आहे. क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) दोन अंशांनी सरळ करणं हे त्या वेळात होत नाही, त्यालाही नाही.

खांदेपालट

दुसऱ्या प्रश्नावर. फास्ट ट्विच-स्लो ट्विचची गोष्ट अर्धीच खरी आहे.

स्नायू मोटर युनिट्समध्ये काम करतो: एक चेतापेशी आणि तिच्या हाताखालचे तंतू. पोटरीच्या मोठ्या स्नायूत एका चेतापेशीखाली हजार-दोन हजार तंतू असतात, बोटांच्या छोट्या स्नायूंत काही शेकडे. संथ तंतूला एका ठोक्यावर पूर्ण जोरात यायला 80 ते 100 मिलिसेकंद लागतात, जलद तंतूला 40 ते 50. आता क्रम: लहान आणि संथ युनिट्स आधी, मोठी आणि जलद नंतर. हेनेमनने 1957 पासून मांडलेलं हे तत्त्व आजही टिकून आहे. वेगवान हालचालीत क्रम उलटत नाही. होतं एवढंच की युनिट्स आत ओढण्याचा उंबरठा खाली येतो, सगळी जवळपास एकदम येतात, आणि सुरुवातीचे ठोके फार दाट पडतात. ड्राइव्हमध्ये संथ तंतू सुट्टीवर नसतात.

ड्राइव्हची खरी अडचण वेळेची आहे. स्नायूला शून्यापासून पूर्ण जोर गाठायला 300 मिलिसेकंद किंवा जास्त लागतात, डाउनस्विंग त्याआधी संपतो. म्हणून शरीर युक्ती करतं. क्लब अजून मागे जातच असतो आणि कंबर लक्ष्याकडे वळायला लागलेली असते. धडाचे तिरके स्नायू चालू असताना ताणले जातात, म्हणजे आखडायला सुरुवात होण्याआधीच त्यांच्यात जोर भरलेला असतो. पुढे कंबर, धड, हात, क्लब या क्रमाने एकेकाचा वेग शिखराला जातो आणि ओसरतो. कंबर आणि खांदे एकदम वळवले की हा फायदा गेला. मग उरतात फक्त हात. आणि स्नायू जितका भरभर आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो (ए. व्ही. हिल, 1938), त्यामुळे हातांनी ओढून वेग वाढत नाही, माणूस लालबुंद तेवढा होतो.

पटमध्ये अडचण दुसरीच आहे: थरथर. फार कमी जोरावर मोजकीच युनिट्स चालू असतात आणि त्यांचे ठोके विरळ असतात. जोर सलग न येता हिसक्या-हिसक्यांनी येतो. निरोगी हातातही सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक कंप असतो. बोट अगदी हळू वाकवलं तरी ते सलग वाकत नाही, सेकंदाला 8-10 छोट्या पायऱ्यांनी वाकतं. हे वाल्बो आणि वेसबर्ग यांनी 1993 मध्ये मोजून दाखवलं. म्हणून 'पट आणखी हळू मार' हा सल्ला उलटा पडतो. हालचाल जितकी रेंगाळेल तितक्या या पायऱ्या पटरफेसवर उमटायला जागा मिळते.

खांद्यांनी पट मारायचा सल्ला मात्र शास्त्राला धरून आहे. मोठ्या, ताकदवान स्नायूंत युनिट्सची संख्या जास्त, त्यामुळे तेवढ्याच कामात जोराचा चढउतार टक्केवारीने कमी. बोटांनी आणि मनगटांनी मारलं तर तो वाढतो. जाड ग्रिप लावण्यामागेही हाच हिशोब, बोटांना बाजूला बसवायचं. पकड 10 पैकी 3-4. फार घट्ट धरलं की मनगटाच्या पुढचे-मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात आणि दोघांचा कंप बेरजेत येतो.

वेग वाढवायचा असेल तर:
– 2 ते 4 किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर वळून फेकणे, दोन्ही बाजूंना 5-5, तीन फेऱ्या, मध्ये 60 ते 90 सेकंद विश्रांती. फेक मंदावली की थांबायचं, संख्या पुरी करायची नाही.
– हलकी काठी, मग आपला ड्रायव्हर, मग किंचित जड काठी, प्रत्येकी 3 स्विंग, पूर्ण जोराने, दोन स्विंगमध्ये 20-30 सेकंद. आठवड्यात दोनदा. राउंडच्या आदल्या दिवशी नको.
– आधी 8-10 मिनिटं अंग गरम करणं. एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरणं राउंडच्या आधी टाळा, त्याने झटका तात्पुरता कमी होतो.

इथे लोक चुकतात ते विश्रांतीत. धापा टाकत केलेला वेगाचा सराव हा दमाचा सराव होतो.

नऊ_नंबरी

मंडळी, धन्यवाद. म्हणजे पट आणि ड्राइव्ह यांच्यात वेळेचा फरक नाही, जोराचा आहे. हे डोक्यात पक्कं बसलं. पण मग तिसरा प्रश्न? स्लो मोशनचा सराव निरुपयोगी म्हणायचा का? कितीतरी कोच तोच करून घेतात.

काठावरचा

माझीही एक शंका यातच घुसवतो. छोट्या पटला हात मध्येच झटका देतो, यिप्स म्हणतात तो प्रकार, तो याच कंपाचा मोठा अवतार का? आणि रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांचे हात स्थिर होतात म्हणतात, ते खरं का?

लहान_मेंदू

आधी स्लो मोशन, कारण तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

क्लबला हलवताना स्नायू दोन गोष्टींशी झगडतात: वजन आणि जडत्व. वजन वेगाने बदलत नाही. जडत्वाचे जोर मात्र वेगाच्या वर्गाने बदलतात. ड्रायव्हरचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं. ते सेकंदाला 45 मीटरने दीड-पावणेदोन मीटरच्या कमानीत फिरताना नुसतं तेच हातांना 25 किलो वजनाइतकं बाहेर ओढतं. वेग निम्मा करा, ओढ चौथाई होते, सहा किलो. दशांश वेगाने फिरवा, पाव किलो. म्हणजे स्लो मोशनमध्ये तुम्ही मुख्यतः क्लबचं वजन पेलण्याचा सराव करता. खऱ्या स्विंगमध्ये मुख्य काम ती ओढ सांभाळण्याचं असतं. मनगटं आपोआप उलगडणं त्या ओढीनेच घडतं. स्लो मोशनमध्ये ती तुम्हाला मुद्दाम उलगडावी लागतात. वेगळे स्नायू, वेगळा क्रम, ब्रेक नाही. दंडावर तळवा ठेवून केलेला प्रयोग आठवा.

म्हणून माझं मत: हळू करू नका, लहान करा. वेळ तीच ठेवून कमान कमी करा. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतचा स्विंग, मग कमरेपासून कमरेपर्यंत, मग पूर्ण. आदेशाचा ढाचा तोच राहतो, फक्त माप बदलतं. एकच ढाचा आणि त्याला मापं लावून घ्यायची, असा विचार रिचर्ड श्मिट यांनी 1975 मध्ये मांडला. त्यातून सरावासाठी एक उपयोगी गोष्ट निघते: मापं वेगवेगळी आणि उलटसुलट दिली तर मेंदू नियम शिकतो. एकाच अंतराचे 50 पट मारले तर ते एक अंतरच पाठ होतं.

पंधरावा_क्लब

इथे माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. आदेश वेगळा असतो हे मान्य, पण ज्याला बॅकस्विंगच्या टोकाला क्लब कुठे आहे हेच कळत नाही त्याला ती जागा वेगात कशी दाखवणार? जागा दाखवायला हळू, क्रम शिकवायला वेगात. मी लावतो तो हिशोब असा: तीन स्विंग संथ आणि फक्त टोकापर्यंत, तिथे दोन सेकंद थांबून आरशात क्लबची दिशा बघायची. पुढचे पाच स्विंग चेंडूविना, पूर्ण वेगात. मग दोन चेंडू. संथ भाग डाउनस्विंगमध्ये न्यायचाच नाही. तिथे लहान_मेंदू म्हणतात तेच खरं.

आणि सूचना देताना शब्द सांभाळायचे. 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवख्या लोकांना पिच शिकवताना एका गटाला हातांवर लक्ष ठेवायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या झोक्यावर. क्लबवाले जास्त अचूक निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सूचना काढून घेतल्यावरही. त्यामुळे 'डावं कोपर सरळ' ऐवजी 'क्लबचं टोक त्या झाडाकडे'. शब्द बदलला की लक्ष बाहेर जातं आणि मधली जुळणी अंग आपली आपण करतं.

पटसाठी नजरेचं एक: चेंडूच्या मागच्या कडेवरचा एकच ठिपका, निघण्याआधीपासून दोन-तीन सेकंद, आणि चेंडू गेल्यावरही पाव सेकंद तिथेच. जोन विकर्स यांनी 1992 मध्ये चांगल्या आणि साधारण पटरांच्या नजरेतला हा फरक मोजला होता.

खांदेपालट

@काठावरचा, यिप्स हा साधा कंप नव्हे. काहींच्या बाबतीत तो कार्यविशिष्ट डिस्टोनियाच्या जातीचा असतो, लेखनिकांचं मनगट जसं लिहितानाच आखडतं तसा. फक्त पटर हातात, फक्त छोटा पट, आणि चेंडू लागण्याच्या क्षणाच्या आसपास मनगटाचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात. काहींच्या बाबतीत ती निव्वळ धास्ती असते. ओळखायची ढोबळ खूण: चेंडूविना पट मारताना झटका येत नाही आणि एकटं खेळताना कमी होतो, तर धास्तीचा भाग मोठा. एकटं असतानाही, पैज नसतानाही तसाच येतो, तर डिस्टोनियाची शक्यता वाढते. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

धास्ती बाजूला ठेवून गणित बघा. होल 108 मिलिमीटरचा, एक मीटरवरून तुम्हाला दोन्ही बाजूंना सुमारे 3 अंशांची मोकळीक आहे. तीन मीटरवरून एकच अंश. एक मीटरचा पट चुकायला फेस 3 अंश वळावा लागतो, तो बारीक कंपाने वळत नाही, आवळण्याने वळतो.

इलाज बहुधा पकड बदलण्याचा असतो, कारण नव्या पकडीत जुना आदेश लागू पडत नाही. उजव्या हाताची पकड पंजासारखी करणं, डावा हात खाली घेणं, लांब पटर, किंवा चेंडूकडे न बघता होलकडे बघून मारणं. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगर यांना हा त्रास कारकिर्दीत अनेकदा झाला, पकडी बदलत बदलत त्यांनी 1985 आणि 1993 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. लांब पटर चालतो, पण 1 जानेवारी 2016 पासून तो अंगाला टेकवून झुलवायला मनाई आहे.

प्रोप्रानोलॉलने कंप कमी होतो, खरं आहे. नेमकं त्यामुळेच ते ज्यात मोडतं तो बीटा ब्लॉकर गट गोल्फमध्ये स्पर्धेदरम्यान वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे. रक्तदाबासाठी ते चालू असेल आणि उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधी करा. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. ही औषधं एकदम तोडली तर हृदयाला धोका असतो.

गवत्या

मेंदू-स्नायूंचं छान झालं, पण आदेशात जोर किती भरायचा हे शेवटी गवत ठरवतं. ग्रीनच्या बाजूने थोडं.

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. पन्हळीसारखा एक दांडा, त्यावरून चेंडू सोडायचा, तो ग्रीनवर सेकंदाला सुमारे 1.83 मीटरने उतरतो. किती फूट गेला तो ग्रीनचा आकडा. यातून खेळाडूच्या कामाचा नियम निघतो: चेंडू जातो ते अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. 10 च्या ग्रीनवर सपाटीला 3 मीटरच्या पटला सेकंदाला 1.8 मीटरचा वेग लागतो, 12 मीटरच्या पटला 3.6. अंतर चौपट, वेग दुप्पट. आणि वर सांगितल्याप्रमाणे मात्रा तीच ठेवली तर वेग बॅकस्ट्रोकच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. 3 मीटरला पटर 20 सेंटिमीटर मागे जात असेल तर 12 मीटरला 40. नवखा माणूस अंतर चौपट बघून पटर तिप्पट मागे नेतो आणि मग मध्येच आवरतो. पुन्हा तोच ब्रेक.

वेगात 5 टक्के चूक झाली तर अंतरात 10 टक्के. 3 मीटरला 30 सेंटिमीटर, चालून जातं. 12 मीटरला सव्वा मीटर, म्हणजे पुन्हा एक अवघड पट. लांब पटला रेषेपेक्षा अंतराचा सराव का करायचा, ते यावरून कळेल.

मुंबई-पुण्याकडे बर्म्युडा गवत. पावसाळ्यात कापणी लांबते, पातं उंच आणि ओलं राहतं, ग्रीन मंदावतात. पाऊस ओसरून रोलर फिरू लागला की तोच ग्रीन दोन फुटांनी जलद होऊ शकतो. 8 च्या ग्रीनवर घोटलेला 6 मीटरचा पट 10 च्या ग्रीनवर तसाच मारला तर चेंडू साडेसात मीटर जातो. त्या दिवशी खेळाडूचा आदेश चुकलेला नसतो, माप जुनं असतं. म्हणून राउंडच्या आधी सराव ग्रीनवर होल सोडून द्या. सपाट जागा बघून 3, 9, 6, 12 असे उलटसुलट अंतरांवर टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवा, प्रत्येकी एकच चेंडू, तीन फेऱ्या. एकाच जागेवरून तीन-तीन चेंडू लोटू नका, दुसऱ्या चेंडूला तुम्ही ग्रीन वाचत नाही, पहिल्या चेंडूची नक्कल करता.

पात्यांचा कल बघायला होलच्या कडा तपासा. ज्या बाजूची कड तुटलेली, वाळलेली दिसते तिकडे गवत झुकलेलं. कलाच्या दिशेने चेंडू जास्त पळतो, कलाविरुद्ध अडतो.

पंधरावा_क्लब

@गवत्या, 12 मीटरला 40 हे सपाटीचं. चढाला पटर मागे आणखी न्या, पण मात्रा वाढवू नका. चढ दिसला की लोक पटर मागे तेवढाच ठेवतात आणि पुढे ढकलतात. 240 फ्रेमवर बघाल तर 144 ला 72 च्या जागी 144 ला 50 निघतं. फेस तिथेच उघडतो आणि चेंडू उजवीकडे निघतो.